गाडीवरचं जुनं नाव काढताना



आजचा विषय जरा वेगळा आहे. गाडीवर चिकटवलेली जुनी नावं, अक्षरं, चिन्हं आणि स्टिकर कसे काढायचे आणि ते काढताना खालच्या रंगाला ओरखडासुद्धा कसा येऊ द्यायचा नाही, हे आज आम्ही सांगणार आहोत. तुम्ही म्हणाल, हे तर गॅरेजवाल्याचं काम, बायकांना काय करायचंय? पण आता आपल्या गटांकडं गाड्या येऊ लागल्यात. कुणाकडं छोटा हत्ती आहे, कुणाकडं जुनी व्हॅन आहे. गट गाडी घेतो ती बहुतेक वेळा वापरलेलीच असते. तिच्यावर आधीच्या मालकाचं नाव असतं, त्याच्या पोरांची नावं असतात, एखादं चिन्ह असतं. हप्ते आपण भरतो, डिझेल आपण टाकतो आणि बाजारात लोक विचारतात, "ही अमक्याची गाडी ना?"

म्हणून नाव बदलावंसं वाटतं. मग कुणीतरी घरातला स्क्रू ड्रायव्हर नाहीतर ब्लेड आणतं आणि अक्षर उचकटायला लागतं. अक्षर निघतं, पण त्याच्याबरोबर रंगही निघतो. पत्रा उघडा पडला की पहिल्याच पावसात तिथं गंज धरतो. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. तो फुगतो आणि शेजारचा चांगला रंगही उचलून टाकतो. तांदळाएवढा खड्डा पावसाळ्यागणिक वाढत जातो. उद्या गाडी विकायची झाली तर गिऱ्हाईक आधी गंजावर बोट ठेवतं आणि भाव पाडतं. गाडी ही गटाची ठेव आहे. तिचा रंग जपणं म्हणजे ती ठेवच जपणं.

आधी रंग म्हणजे काय ते समजून घेऊ. कारखान्यात गाडीच्या पत्र्यावर एकच रंग मारलेला नसतो. आधी गंज धरू नये म्हणून एक थर असतो, त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग. बऱ्याच गाड्यांना सगळ्यांत वर चकाकीचा पारदर्शक थर असतो, त्याला पेंटर लोक क्लिअर म्हणतात. एवढे सगळे थर मिळून जाडी किती? साधारण १०० ते १५० मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणजे सगळा रंग मिळून आपल्या डोक्याच्या एका-दोन केसांएवढा जाड. त्याच्यावर लोखंडी पातं चालवायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा.

आता चिकटवलेलं अक्षर कशानं टिकतं ते बघू. चकचकीत दिसणारी बरीचशी अक्षरं स्टीलची नसतात, प्लास्टिकवर चकाकी चढवलेली असते. त्यांच्या मागं दोन्ही बाजूंनी चिकटणारी, स्पंजासारखी मऊ पट्टी असते. सगळा जोर त्या पट्टीचा. म्हणून अक्षराशी झटापट करायचीच नाही. पट्टी मऊ करायची आणि मधून कापायची. गार असताना ती हट्टी असते, ऊब मिळाली की ढिली पडते. आजच्या बोलण्यातली एवढी एक गोष्ट लक्षात ठेवलीत तरी पुष्कळ झालं.

आमच्या गटानं हे काम केलं तेव्हा आमच्यापुढं आणखी एक गोष्ट होती. आम्ही ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी करतो. माल सोलापूर, पंढरपूर, सांगोल्याला पोचवायला आम्ही एक जुना छोटा हत्ती घेतला. विकणाऱ्या वहिनींचे मालक वारले होते. गाडीच्या मागच्या फळीवर त्यांचं नाव चकचकीत अक्षरांत लावलेलं होतं. व्यवहार झाला, पैसे मोजले आणि वहिनी म्हणाल्या, "बायांनो, नाव तुम्ही काढणारच, ते बरोबर आहे. पण अक्षरं मोडू नका. मला परत द्या." मग नुसता रंग वाचवून भागणार नव्हतं, प्रत्येक अक्षर अखंड निघायला हवं होतं. पेंटर म्हणाला होता, "उचकटून टाकतो आणि सगळी फळी नव्यानं रंगवतो," आणि त्याचे काही हजार सांगितले होते. आमचं काम एका दुपारी, शे-दोनशे रुपयांच्या सामानात झालं.

सामान सांगतो, लिहून घ्या. मासे धरायच्या गळाला असतो तो तंगूस, म्हणजे जाड नायलॉनचा दोरा. मास्किंग टेप, पेंटरच्या दुकानात मिळते ती कागदी चिकटपट्टी. एक जुनं, बाद झालेलं एटीएम कार्ड नाहीतर प्लास्टिकची पट्टी. मऊ सुती फडकी, चार-पाच. दोन बादल्या, गाडी धुवायचा शॅम्पू, खोबरेल तेल, थोडं टर्पेंटाइन. केस वाळवायचं मशीन कुणाकडं असेल तर उत्तम, नसेल तर गरम पाणी आणि जाड टॉवेल. ब्लेड, सुरी, स्क्रू ड्रायव्हर आणि तारेची घासणी यातलं काहीही जवळ ठेवू नका. हाताशी असलं की मोह होतो.

पहिलं काम नीट बघायचं. गाडीवरची खूण कशी बसवलीय? चार प्रकार असतात. एक, पट्टीनं चिकटवलेलं अक्षर. त्याच्या कडेखाली कागदाचं टोक थोडं आत सरकतं. दुसरा, मागं खिळी असलेलं चिन्ह. कंपनीचं चिन्ह पुष्कळदा असं असतं. पत्र्याला भोक असतं आणि खिळी त्यात बसलेली असते. आतल्या बाजूनं हात पोचत असेल तर चाचपून बघा. असं चिन्ह काढलं तर भोक उघडं पडतं आणि पाणी आत जातं, म्हणून ते राहू द्या. तिसरा, ज्याला आपण रेडियम म्हणतो तो स्टिकर. आणि चौथा, ब्रशनं रंगवलेलं नाव. त्यावरून नख फिरवलं तर कडेला रंगाची जाडी लागते, पण नख खाली शिरत नाही. रंगवलेलं नाव या पद्धतीनं निघत नाही, ते पेंटरकडंच सोपवा.

आणखी एक बघा. गाडीचा तो भाग आधी कधी ठोकून रंगवलाय का? दरवाजाच्या रबरावर रंगाचे शिंतोडे दिसतात का, शेजारच्या पत्र्यापेक्षा छटा वेगळी आहे का? साधा लोहचुंबक लावून बघा. शेजारी घट्ट बसतो आणि इथं ढिला बसतो, म्हणजे आत पुट्टी भरलेली आहे. असा रंग कारखान्याच्या रंगाइतका पक्का नसतो, चिकटपट्टीबरोबर पापुद्र्यासारखा येऊ शकतो. तिथं ऊब जास्त वेळ द्या आणि हात दुप्पट हळू चालवा.

दुसरं काम धुवायचं. आपल्याकडं गाडीवर धूळ नसते असा दिवस नाही. धुळीतले कण म्हणजे पॉलिश पेपरच. ते तसेच ठेवून फडकं फिरवलं तर बारीक ओरखड्यांचं जाळं उठतं. एका बादलीत शॅम्पूचं पाणी, दुसऱ्या बादलीत साधं. फडकं आधी साध्या पाण्यात खळबळायचं, मग शॅम्पूच्या पाण्यात बुडवायचं. अक्षरांच्या खाचांतली माती जुन्या, मऊ दातघाशीनं काढा. गाडी कोरडी करा आणि अक्षरांच्या भोवती, अगदी कडेपर्यंत, मास्किंग टेप लावा. दोरा घसरला तर टेपवर घासेल, रंगावर नाही.

तिसरं काम ऊब द्यायचं. गाडी अर्धा तास उन्हात ठेवा आणि मग सावलीत घ्या. नंतर एका वेळी एकच अक्षर धरा. केस वाळवायचं मशीन असेल तर एक वीत लांब धरून फिरवत राहायचं, एका जागी थांबायचं नाही. दोन-तीन मिनिटं पुरतात. मशीन नसेल तर टॉवेल गरम पाण्यात बुडवून, पिळून अक्षरावर दाबून धरा. गार झाला की पुन्हा. पाणी उकळतं नको, हाताला सोसेल एवढंच. आपला तळहात पत्र्यावर टेकवता आला पाहिजे, हीच मोजणी. हात टेकवेना म्हणजे फार झालं. प्लास्टिकच्या बंपरवर तर जास्तच जपा, तो उष्णतेनं वाकडा होतो. गॅरेजमधली रंग उडवायची गरम हवेची बंदूक वापरू नका, तिची आच फार मोठी असते. शेगडी, मेणबत्ती, लायटर यांचा तर विचारसुद्धा नको.

चौथं काम दोऱ्याचं. हातभर तंगूस घ्या. दोन्ही टोकं दोन काड्यांना गुंडाळा, म्हणजे बोटं कापणार नाहीत. दोरा अक्षराच्या मागं वरच्या कडेनं सरकवा आणि उकडलेलं अंडं दोऱ्यानं कापतो तसा इकडून तिकडं, इकडून तिकडं ओढत खाली या. दोरा मऊ पट्टीच्या मधून गेला पाहिजे, पत्र्याला घासून नाही. दोरा अडला तर जोर लावू नका. पुन्हा ऊब द्या. एकीनं दोरा चालवायचा आणि दुसरीनं अक्षर तळहातानं धरायचं, नाहीतर निघालेलं अक्षर खाली पडून तुटतं. वहिनींची अक्षरं आम्ही अशीच काढली. एकेक अक्षर सुटलं की सुपात ठेवत गेलो. शेवटचं निघालं तेव्हा सगळी अखंड होती. मागचा चिकटा तेलानं पुसून, कापडात गुंडाळून त्यांच्या घरी पोचवली.

रेडियमच्या स्टिकरला दोरा लागत नाही. ऊब द्या, एक कोपरा नखानं नाहीतर एटीएम कार्डानं उचला आणि स्टिकर मागं दुमडून, पत्र्याला जवळजवळ टेकवून हळूहळू ओढा. सरळ आपल्या अंगाकडं ओढला तर तो तुटतो आणि रंगालाही ताण बसतो. वर्षानुवर्षं उन्हात तापलेला रेडियम कडक होऊन तुकड्यातुकड्यानं निघतो. त्याला वेळ द्यायचा, दुसरा उपाय नाही.

पाचवं काम चिकटा काढायचा. अक्षर निघालं की पत्र्यावर स्पंजाचा थर राहतो. तो कोमट असतानाच अंगठ्यानं चोळा. कणकेचा हात चोळल्यावर वळ्या निघतात तशा त्याच्या वळ्या होऊन येतात. बोटं दुखली तर आळीपाळीनं करा. मग उरलेल्या चिकट्याला खोबरेल तेल लावून पंधरा मिनिटं थांबा आणि फडक्यानं पुसा. बरंचसं तेवढ्यानंच जातं. तरीही राहिलं तर टर्पेंटाइन फडक्यावर घ्यायचं, गाडीवर ओतायचं नाही. आधी दरवाजाच्या आतल्या कडेला, जिथं दिसत नाही अशा जागी लावून बघा. फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर तिथंच थांबा, तेलावरच काम चालवा. रंग उतरला नाही तर चिकट्यावर थोडं चोळा आणि लगेच पुसून घ्या.

पेंटरचा थिनर वापरू नका. नखांचं पॉलिश काढायचं द्रव वापरू नका. पेट्रोल तर अजिबात नको. ते रंगालाही लागतं आणि पेटही घेतं. टर्पेंटाइनही पेटतं. म्हणून हे काम उघड्यावर करा, चूल-शेगडीपासून लांब करा आणि त्या वेळी केस वाळवायचं मशीन बंद ठेवा. हातमोजे घाला, लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका आणि ओली फडकी घरात कोंबून न ठेवता बाहेर मोकळी वाळवा. झालं की ती जागा शॅम्पूनं धुवा, म्हणजे तेल राहणार नाही.

आता एक गोष्ट बघून घाबरू नका. अक्षरं निघाली तरी त्यांची सावली राहते. अक्षराखालच्या रंगानं ऊन बघितलेलंच नसतं. भोवतालचा रंग वर्षानुवर्षं फिका पडलेला असतो, म्हणून अक्षराच्या जागी गडद ठसा दिसतो आणि नाव तसंच वाचता येतं. तो डाग नाही, तोच खरा मूळ रंग आहे. भोवतालच्या फिक्या रंगावरची मळकट साय रबिंग कंपाउंडनं थोडी काढता येते. ओल्या मऊ फडक्यावर वाटाण्याएवढं कंपाउंड घ्या, हलक्या हातानं चार-पाच वेळा फिरवा, पुसा, बघा. पारदर्शक थर नसलेल्या साध्या रंगाच्या गाडीवर फडक्याला थोडा रंग लागतो, ते चालतं. पण सावली पूर्ण जाईपर्यंत घासत बसू नका. आपला रंग केसाएवढाच जाड आहे, हे विसरायचं नाही. आमच्या गाडीवर तिरप्या उन्हात ते जुनं नाव अजून थोडं दिसतं. आम्ही ते तसंच राहू दिलंय.

शेवटी रंग तपासा. कुठं ओरखडा दिसला तर त्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं नाही तर ओरखडा वरवरचा आहे, पॉलिशनं जाईल. नख अडकलं तर खोल आहे. पत्रा दिसत असेल तर पावसाळ्याची वाट बघू नका. गंज धरला असेल तर तेवढाच भाग बारीक पॉलिश पेपरनं घासा, प्रायमरचा ठिपका द्या, वाळला की गाडीच्या छटेचा रंग बारीक ब्रशनं लावा. आणि पेंटरनं सगळी गाडीच दुसऱ्या रंगात रंगवायची गोष्ट काढली, तर एक ध्यानात ठेवा. गाडीचा रंग आरसी बुकात लिहिलेला असतो. तो बदलायचा तर आरटीओत नोंद करावी लागते.

काय काढायचं ते सांगितलं. काय काढायचं नाही तेही ऐका. नंबर प्लेटला हात लावायचा नाही. आता उच्च सुरक्षा नंबर प्लेट आहे, १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही आपल्या राज्यात ती बसवावी लागते. पुढच्या काचेवरचा तिचा रंगीत स्टिकर, डिझेलला केशरी, पेट्रोल-सीएनजीला फिका निळा, तोही ठेवायचा. मालवाहू गाडीच्या चमकणाऱ्या पट्ट्या, पुढं पांढरी, बाजूला पिवळी, मागं लाल, या रात्री आपला जीव वाचवतात. त्या जुनाट दिसतात म्हणून काढू नका आणि त्यांच्यावर नवं नावही चिकटवू नका. बाजूला रंगवलेले वजनाचे आकडे आणि चासी नंबरची पट्टीही जागच्या जागी राहू द्या.

आणि मैत्रिणींनो, सगळ्यांत मोठी गोष्ट. गाडीवरचं नाव काढलं म्हणजे गाडी आपली झाली, असं नाही. कायद्यानं मालक कोण, तर आरसी बुकात ज्याचं नाव आहे तो. अपघात झाला तर भरपाईसाठी त्यालाच धरतात. विकत घेणाऱ्यानं मालकी बदलायचा अर्ज ३० दिवसांच्या आत करायचा असतो, त्याला नमुना २९ आणि ३० लागतात. मूळ मालक वारला असेल तर वारसानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं, तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ भरून गाडी आधी स्वतःच्या नावावर करून घ्यायची आणि मगच विकायची. आमच्या वहिनींनी आधी तेच केलं, म्हणून आम्हाला अडचण आली नाही. गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्यावर नमुना ३५ आणि बँकेचं पत्र देऊन बोजा उतरवून घ्या. विम्यावरचं नावही बदला. आपल्या गटात गाडी कुणाच्या नावावर चढणार, हे ठरावाच्या वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. हे सगळं आधी करा, अक्षरांना हात नंतर.

नवं नाव लावायचं तर जागा स्वच्छ आणि कोरडी असताना, मेणाचं पॉलिश करण्याआधी लावा. मेणावर चिकटपट्टी धरत नाही. नाव लागलं की बाकीच्या भागावर पॉलिशचा हात मारा. आमच्यात नावावरून दोन बैठका झाल्या. कुणाला देवाचं नाव हवं होतं, कुणाला नेत्याचा फोटो. शेवटी गटाचं नाव आणि खाली "कडक भाकरी व शेंगाचटणी" एवढंच ठरलं. आता बाजारात गाडी उभी राहिली की लोक गटाचं नाव वाचतात आणि भाकरीचा भाव विचारतात.

तुमच्या गटानं गाडी घेतली असेल तर या आठवड्यात दोघी-तिघींनी मिळून तिच्याभोवती एक चक्कर मारा. काय चिकटवलंय, कुठं रंग उडालाय, कागद कुणाच्या नावावर आहे, ते वहीत टिपा. काम उन्हाळ्यात काढा, पावसाच्या आधी उरका.